कॅमेरा घेण्याआधी आपल्याच दारात उभे राहा

मुलुंडला आमच्या सोसायटीतून तीन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीची सायकल चोरीला गेली. क्लासला जायला वडिलांनी नुकतीच घेऊन दिली होती. आम्ही कमिटीतले पाच-सहा जण वॉचमनच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं उभे राहून रेकॉर्डिंग बघत होतो. कॅमेरे चार होते आणि चारही चालू होते. रात्री दोननंतर एक माणूस गेटमधून आत आला, स्टिल्टखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधल्या, सायकलचं कुलूप तोडलं आणि सायकल ढकलत बाहेर घेऊन गेला. सगळं दिसलं, चेहरा तेवढा दिसला नाही. गेटवरचा कॅमेरा खांबाच्या टोकाला अकरा फुटांवर होता आणि माणसाच्या डोक्यावर टोपी होती. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी क्लिप दोनदा पाहिली आणि विचारलं, "यात ओळखायचं कुणाला?"

सायकल मिळाली नाही. त्यानंतर सोसायटीचे कॅमेरे बदलण्याचं काम मी अंगावर घेतलं. मग भावाच्या दुकानाचे कॅमेरे आले, मग परळच्या चाळीत राहणाऱ्या मावशीच्या दाराचा, आणि शेवटी कोकणातल्या घराचा. चार ठिकाणी चार गरजा निघाल्या आणि सामानही चार तऱ्हांचं घ्यावं लागलं. पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्यानं ज्या क्रमानं काम करावं असं मला वाटतं, त्याच क्रमानं लिहितो.

आधी कागद

दुकानात जाऊन "किती मेगापिक्सेलचा घेऊ?" असं विचारण्याआधी एका कागदावर घराचा किंवा आवाराचा नकाशा काढा. वेडावाकडा चालेल. माणूस जिथून जिथून आत येऊ शकतो तिथं फुली मारा: मुख्य दार, मागचा जिना, गच्चीचं दार, ग्रिल नसलेली खिडकी, डक्ट. मग प्रत्येक फुलीपुढे एकच गोष्ट लिहा: इथं मला काय दिसायला हवं? कुणी आलं-गेलं एवढं कळलं तरी पुरे? ओळखीतला माणूस ओळखू यायला हवा? की अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांपुढे ठेवता यायला हवा?

या तीन गरजांसाठी एका आंतरराष्ट्रीय मानकातून रूढ झालेले आकडे आहेत. समोरच्या एक मीटर रुंद जागेला चित्रात किती पिक्सेल मिळतात यावर ते मोजतात. कुणीतरी माणूस आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. कधीच न पाहिलेल्या माणसाची ओळख पटवायची तर २५०.

आता हे घरच्या गणितात बसवू. दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे फुल एचडी कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो. त्याला २५० नं भागा, साडेसात मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे चित्रात दिसणारी रुंदी साडेसात मीटरच्या आत असेल तोवरच अनोळखी चेहरा भरवशाचा. ही रुंदी लेन्सवर ठरते. बाजारात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचा कोन घेते, आणि तीन मीटर अंतरावरच चित्राची रुंदी सात मीटरवर जाते. ६ मिलिमीटरची लेन्स ५० अंशांच्या आसपास घेते, ती आठ मीटरपर्यंत चेहरा सांभाळते, पण आजूबाजूचं फार कमी दाखवते. ३.६ची लेन्स या दोघींच्या मध्ये.

आमच्या स्टिल्टमधला कॅमेरा २.८चा होता आणि सायकल स्टँड त्याच्यापासून नऊ मीटरवर. हिशेब केला तर मीटरला नव्वदच्या आसपास पिक्सेल येत होते. माणूस दिसला, पण कोण ते कळणं शक्यच नव्हतं. हे गणित कॅमेरे लावायच्या आधी कुणी कागदावर मांडलं असतं तर पाच मिनिटांत लक्षात आलं असतं.

उंचीचंही तसंच. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सात ते आठ फुटांवर असावा. आठ फुटांवरचा कॅमेरा तीन मीटरवरच्या माणसाकडे जरासाच खाली वाकून बघतो, चेहरा समोरून येतो. अकरा फुटांवर नेला की टाळू आणि टोपी दिसते. "खाली लावला तर कुणी हात लावेल" ही भीती खरी आहे. म्हणून हाताशी येणारा कॅमेरा छपराखाली असेल तर जाड आवरणाचा डोम, म्हणजे गोल घुमटाच्या काचेचा, घ्या आणि दुसरा कॅमेरा त्या कॅमेऱ्याकडेच बघेल असा लावा.

खरेदीआधी एक चाचणी जरूर करा. घरातल्या कुणाला तरी टोपी घालून दारात उभं करा. कॅमेरा जिथं बसणार त्या जागेवरून, स्टुलावर चढून, मोबाईलनं फोटो काढा. एकदा दुपारी, एकदा रात्री दिवे असतील तसे ठेवून. फोटोत चेहरा सावलीत जात असेल तर कॅमेऱ्यातही जाणार.

तारेचा की बिनतारी

नवख्या माणसाचा इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

तारेच्या कॅमेऱ्यांचे दोन प्रकार. पहिला, डीव्हीआरवाला. डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र. कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत दुकानदार ज्याला थ्री प्लस वन केबल म्हणतात ती येते: एक चित्रासाठी आणि बाकीच्या वीज, आवाजासाठी. स्वस्त, दणकट, कुठलाही सीसीटीव्हीवाला दुरुस्त करू शकतो असा. दुसरा, एनव्हीआरवाला, म्हणजे नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र. यात कॅट सिक्सची एकच केबल चित्रही आणते आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारी जोडपेटी) असेल तर वीजही नेते. एका केबलची मर्यादा १०० मीटर. चित्र जास्त स्पष्ट, पुढे कॅमेरे वाढवणं सोपं, खर्च अधिक. नव्यानं रंगकाम किंवा वायरिंग होत असलेल्या इमारतीत मी डोळे मिटून दुसरा प्रकार सुचवीन. जुन्या सोसायटीत आधीची थ्री प्लस वन केबल धड असेल तर ती उपटून काढायची गरज नाही. तिच्यावरच नवे जास्त मेगापिक्सेलचे कॅमेरे चालतात, फक्त डीव्हीआर त्यांना पेलणारा हवा.

वाय-फाय कॅमेऱ्याला लोक बिनतारी म्हणतात, पण विजेची तार त्यालाही लागतेच. तार वाचते ती फक्त चित्राची. म्हणून आधी सॉकेट कुठं आहे ते बघा.

मग भिंती बघा. आपल्याकडच्या आरसीसी भिंतीत लोखंडी सळ्या असतात, दाराला लोखंडी सेफ्टी डोअर असतं, आणि इमारतीत प्रत्येक घरात एक राउटर. बहुतेक स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. पन्नास घरांचे राउटर या तिघांत दाटी करून बसलेले असतात. मोबाईल घेऊन कॅमेऱ्याच्या जागी जा, दार लावून घ्या, आणि रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा सगळी इमारत घरी असते, तेव्हा स्पीड टेस्ट करा. डाउनलोडचा आकडा सोडा, अपलोडचा बघा. फुल एचडीचं सलग चित्र बाहेर पाठवायला एका कॅमेऱ्याला साधारण २ एमबीपीएस लागतात. हा आकडा डळमळत असेल तर राउटरची जागा बदला, नाहीतर मधे एक्स्टेंडर लावा. तेही जमलं नाही तर तार ओढा, त्या जागी वाय-फायचा नाद सोडून द्या.

भाड्याच्या घरात, एका दारासाठी, आत म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर नजर ठेवायला वाय-फाय कॅमेरा उत्तम. घर सोडताना उचलून नेता येतो. पण सोसायटीच्या गेटला किंवा दुकानाला मी तो लावणार नाही. बिनतारी जोड तुटू शकते आणि कुणी मुद्दाम तोडूही शकतं. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड मात्र हवंच, म्हणजे नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. कार्ड हाय एन्ड्युरन्स प्रकारचं घ्या. मोबाईलचं साधं कार्ड रोज पुन्हापुन्हा लिहून लवकर खराब होतं, आणि ते खराब झाल्याचं घटना घडल्यावरच कळतं. चोर कॅमेराच उचलून नेईल अशी जागा असेल तर हालचालीच्या छोट्या क्लिपा क्लाउडवर जातील अशी सोय बघा. त्याचं वर्गणीचं गणित घेतानाच विचारा.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे दिसायला मोहक. ते एरवी झोपलेले असतात, समोर माणसाच्या अंगाची उष्णता जाणवली की जागे होतात आणि रेकॉर्ड करतात. परळला मावशीसाठी मी आधी असाच आणला. चाळीची गॅलरी म्हणजे दिवसभर येणं-जाणं: दूधवाला, शाळेची पोरं, शेजारच्या काकू वाटी घेऊन. कॅमेरा दर दोन मिनिटांनी जागा व्हायचा आणि बॅटरी आठवड्याला चार्ज करावी लागायची. जागं व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात झपझप जाणारा माणूस निघून गेलेला. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला सॉकेट होतं, तिथून वायर काढून साधा प्लगचा कॅमेरा बसवला. बॅटरीचा कॅमेरा वर्दळ नसलेल्या जागेसाठी आहे: बंद घर, गच्ची, मागची गल्ली. सोलर पॅनेलवाला घेणार असाल तर जुलैतले ढगाळ आठवडे डोळ्यांपुढे आणून घ्या.

मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ जणांची खरी काळजी गावच्या बंद घराची असते. तिथं ब्रॉडबँड नसेल तर सिमकार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा कामाला येतो. आधी त्या घराच्या ओटीवर कुठल्या कंपनीची रेंज टिकते ते बघा, आणि मगच सिम घ्या. २ एमबीपीएसनं तासभर लाइव्ह बघितलं की सुमारे ९०० एमबी डेटा उडतो. म्हणून रेकॉर्डिंग कार्डावर ठेवा आणि मोबाईलवर फक्त सूचना मागवा.

आणखी एक बिनतारी प्रकार मोठ्या सोसायट्यांना उपयोगी पडतो, पण फार कमी जणांना माहीत असतो. दोन विंगांच्या मध्ये रस्ता किंवा बाग असेल तर खोदकाम न करता दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन वायरलेस ब्रिज बसवतात. ५ गिगाहर्ट्झवर चालणारे, एकमेकांना थेट दिसणारे. मध्ये झाड आलं की जोड कमकुवत होते, आणि पावसाळ्यात झाडं वाढतात, हे ध्यानात ठेवा.

पाऊस, खारी हवा आणि अंधार

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण सखल भागातल्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात येतं. आणि कित्येक सोसायट्यांचा डीव्हीआर तळमजल्यावर, वॉचमनच्या टेबलाखाली असतो! तो वर हलवा. पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात, कुलपाच्या रॅकमध्ये, हवा खेळेल अशा जागी. चोरालाही टेबलाखालचा डीव्हीआर उचलून नेणं सोपं असतं.

बाहेरचा कॅमेरा आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचा घ्या. हा आयपी वेगळा, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा. पण पाणी कॅमेऱ्यातून क्वचितच शिरतं, ते शिरतं जोडातून. कॅमेऱ्याच्या शेपटीचा जोड नुसता चिकटपट्टी गुंडाळून भिंतीवर लोंबत ठेवलेला दिसला तर काम थांबवा. प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स हवा, आणि बॉक्समध्ये जाणाऱ्या वायरीला खाली झोल हवा, म्हणजे थेंब झोलावरून गळून पडतो, आत जात नाही. वरळी, माहीम, वर्सोवा, मढ अशा समुद्रालगतच्या भागात स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा. साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि कॅमेऱ्याची मान हळूहळू खाली वळते.

रात्रीचं चित्र इन्फ्रारेड दिव्यांवर येतं. ते दिवे डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण किड्यांना आणि कोळ्यांना कॅमेऱ्याची ऊबदार काच आवडते. जाळं झालं की रात्री सगळं चित्र पांढरं. शेजारी पांढरी भिंत किंवा पत्रा फार जवळ असेल तरी तोच प्रकार, उजेड तिथून परत येतो. खिडकीच्या काचेआडून बाहेर बघायला कॅमेरा ठेवलात तर रात्री फक्त काचच दिसेल. उघड्यावर डोम लावू नका. त्याच्या गोल काचेवर थेंब बसतात आणि इन्फ्रारेड त्यांत पसरतं. बाहेर बुलेट (नळकांड्यासारखा) किंवा टरेट (घुमटाची काच नसलेला गोल), आत डोम.

रात्रीही रंगीत चित्र देणारे कॅमेरे आता सहज मिळतात. शर्टाचा रंग सांगता येणं तपासात फार मोलाचं असतं. पण त्यातले बरेचसे पांढरा दिवा लावून रंग देतात आणि तो दिवा समोरच्या घराच्या बेडरूमवर पडू शकतो. मला त्याहून सोपं वाटतं ते जिन्यात आणि पॅसेजमध्ये दिवे नीट चालू ठेवणं. एक ट्यूबलाइट साध्या कॅमेऱ्याचंही चित्र सुधारते.

दुकानदारांनी आणि गाळेवाल्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा: डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळण्याची सोय. कॅमेरा आतून शटरकडे बघतो, बाहेर दुपारचं ऊन, आणि आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली. भावाच्या दुकानात सहा महिने हेच चाललं होतं. १२० डेसिबलचा खरा डब्ल्यूडीआर असलेला एकच कॅमेरा दाराकडे लावला आणि चेहरे उजळले. खोक्यावर डीडब्ल्यूडीआर किंवा डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिलेलं असेल तर ते वेगळं आणि कमकुवत आहे.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग?

गणपतीला किंवा मे महिन्यात आपण पंधरा-वीस दिवस गावी जातो. घरफोडी कळते ती परतल्यावर. तेव्हा दहा दिवसांचं रेकॉर्डिंग काय कामाचं? घर असो वा सोसायटी, किमान ३० दिवस धरा.

हिशेब असा: २ एमबीपीएसनं चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतो. चार कॅमेरे ८६ जीबीच्या घरात. १ टीबीची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. तीस दिवसांसाठी अडीच टीबीपेक्षा जास्त लागतं, म्हणून ४ टीबी घ्या. डीव्हीआर आणि कॅमेरे एच.२६५ पद्धतीचे (चित्र जास्त दाबून साठवणारे) असतील तर जागा जवळपास निम्मी लागते. सेकंदाला २५ फ्रेम ठेवायची गरज नाही, १५ भरपूर झाल्या. डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी किंवा कुणाच्या जुन्या मशीनमधून काढलेली डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

बाजारात

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कॅमेरे, डीव्हीआर, स्विच, कनेक्टर सगळं एका रस्त्यावर. केबल आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ. कामाच्या दिवशी सकाळी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. कागदावरचा नकाशा दाखवा. नकाशा बघून जो अंतर, उंची, उजेड विचारतो त्याच्याकडे घ्या. जो लगेच "आठ कॅमेऱ्यांचा सेट घेऊन जा" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

दोन गोष्टी तपासा. पहिली, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्यासोबतचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनी आणि वस्तू खरी आहे का ते दिसतं. दुसरी, कॅमेऱ्याच्या सायबर सुरक्षेची कसोटी. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. नवा माल घेताना दुकानदाराला हे थेट विचारा. या अटींच्या आधीचा साठा स्वस्तात काढायचा मोह बाजाराला असतोच.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच एनव्हीआरवर चालवायचे असतील तर दोन्हीकडे ओनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळवणारं मानक, लिहिलेलं हवं. आणि केबलवर हात आखडू नका. स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, दुकानात तिला सीसीए म्हणतात. लांब अंतरावर तिच्यातून १२ व्होल्टची वीज पोचेपर्यंत कमी होते. दिवसा कॅमेरा चालतो, संध्याकाळी इन्फ्रारेड दिवे लागले की जास्त वीज मागतो, ती मिळत नाही आणि तो बंद-चालू होत राहतो. "रात्रीच कॅमेरा जातो" ही तक्रार आली की आधी केबल आणि पॉवर सप्लाय बघावा, कॅमेरा बदलू नये.

बिल पक्कं घ्या, जीएसटीचं. त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा सिरियल नंबर, डिस्कची क्षमता, केबलचे मीटर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. डीव्हीआर, स्विच आणि राउटर तिघांनाही यूपीएस द्या. नुसत्या डीव्हीआरला दिला आणि राउटर बंद पडला तर वीज गेल्यावर मोबाईलवर काही दिसत नाही.

बसवल्याच्या दिवशीच

बसवायला आलेला माणूस सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतो, लक्षात राहावा म्हणून. तो समोर असतानाच पासवर्ड बदला आणि ॲपवरचं मुख्य खातं तुमच्या नंबरवर करून घ्या. सोसायटीत ते खातं सोसायटीच्या ईमेलवर असावं, कमिटी बदलली की अडत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले होते, ते कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. राउटरमध्ये यूपीएनपी (यंत्रांना बाहेरच्या नेटसाठी आपोआप वाट उघडून देणारी सोय) बंद ठेवा, कॅमेऱ्यांना गेस्ट नेटवर्कवर टाका, ॲपला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, वेळोवेळी अपडेट करा.

डीव्हीआरचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेईल असं सेट करा. आमचं घड्याळ चौदा मिनिटं मागे होतं. पुढचा वाद किती वाढतो ते मग कळतं.

शेजारी, घरातली माणसं आणि कायदा

मुंबईत दार समोरासमोर असतं. तुमच्या दाराचा कॅमेरा शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात डोकावत असेल तर ती तुमची सुरक्षा राहत नाही, त्यांच्या खाजगीपणावर घाला होतो. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क असतो, चित्राचा तेवढा भाग काळा करता येतो. तो लावा, आणि शेजाऱ्यांना बोलावून तुमच्या मोबाईलवर चित्र दाखवा. मावशीच्या चाळीत हे केल्यावर समोरच्या काकांनी स्वतःच वायर धरून मदत केली. कॉमन पॅसेजमध्ये काही लावायचं तर सोसायटीला लेखी पत्र द्या. सोसायटीचे कॅमेरे असतील तर विषय सर्वसाधारण सभेत घ्या, आणि फुटेज कोण, कुणाच्या परवानगीनं बघणार ते ठरावात लिहा. हे ठरलं नसेल तर कोण कुणाकडे आलं यावर जिन्यात चर्चा सुरू होते.

सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावता येणार नाहीत असं कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. एकत्र घरात वाटणीचा वाद असेल तर हे आधीच लक्षात घ्या. बाईचे खाजगी क्षण टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घरात काम करायला येणाऱ्या ताईंना कॅमेरा कुठं आहे ते पहिल्याच दिवशी दाखवा, त्या कपडे बदलतात किंवा विसावतात ती जागा सोडा, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा.

घटना घडली तर

स्क्रीनसमोर मोबाईल धरून शूटिंग करून ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चित्र बिघडतं आणि संशयितही सावध होतो. डीव्हीआरच्या बॅकअप मेनूतून घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं मूळ फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, दोन प्रती करा, आणि घड्याळाचा फरक असेल तर लिहून ठेवा. हे लगेच करा, डिस्क थांबत नाही, जुनं पुसत जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार फुटेजची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. त्यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या त्या खटल्यात, २०२० मध्ये, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तपास अधिकारी मागतील तेव्हा डीव्हीआर कुणाच्या ताब्यात असतो आणि नीट चालू होता की नाही हे सांगणारं कुणीतरी एक ठरलेलं हवं. आमच्याकडे ते सेक्रेटरी आहेत.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सेक्रेटरी आणि मी अर्धा तास बसतो. सगळ्यात जुनी तारीख कुठली दिसते, घड्याळ मोबाईलशी जुळतं का, आणि कालच्या रात्री दोनचं प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र कसं आहे, एवढं बघून वहीत लिहितो. गेल्या जूनमध्ये गेटचा चेहऱ्याचा कॅमेरा रात्री धूसर दिसला. वॉचमननं शिडी लावून ओल्या फडक्यानं काच पुसली. कोळ्याचं जाळं होतं.